मांजरीचा सुळा
मुलीचा दुधाचा दात पडला, आणि तो टाकायला उंदराचं बीळ शोधताना मला काष्टी गावची चुलती आठवली. एकदा तिच्या धान्याची कोठी उंदरांपासून राखणारी मांजर लाळ गाळत होती, दुधालाही तोंड लावत नव्हती, म्हणून आम्ही तिला पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. भुलीच्या इंजेक्शननं ती आडवी झाली, पण डोळे सताड उघडेच. "बघतीय की ती," चुलती दबक्या आवाजात म्हणाली. "झोपलीय मावशी, मांजराचे डोळे भुलीत उघडेच राहतात," डॉक्टर म्हणाले. अडलेल्या म्हशी सोडवणारे त्यांचे दांडगे हात तो किडका सुळा इतक्या हळुवारपणे सोडवत होते, की आम्ही बघतच राहिलो. सुळा निघाला. वर दिसायचा तो तांदळाच्या दाण्याएवढा, आणि आतलं मूळ त्याहून लांब. "एवढं आत सलत हुतं, अन् हिनं एकदा बी आवाज केला न्हाई," चुलती म्हणाली. घरी येऊन सवयीनं ती दात घेऊन बिळाशी गेली आणि थबकली. "ह्यो उंदरांना न्हाई द्यायचा," म्हणत तिनं तो अंगणातल्या लिंबाखाली पुरला. मग मांजरीला नवा दात आला का, मुलगी आत्ता विचारतेय. नाही आला. उरलेल्या सुळ्यांवरच ती कोठी राखत राहिली.