एकोणिसावा नंबर आणि मामीचं गाणं

मी आज जो काही आहे तो माझ्या मामीमुळे. जामुलला आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजसाठी मामीने मला मामांना स्टील प्लांटकडून मिळालेल्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. आम्हा तीन मित्रांच्या बँडचा गोंगाटही तिनेच सोसला. शेजारी तक्रार घेऊन आले की म्हणायची, "पोरं अभ्यासच करून राहिले. आवाजाचा अभ्यास."

मामा प्लांटमधून रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान ट्रकने भंडाऱ्याकडच्या गावी गेलं. रिकाम्या खोल्या घुमायला लागल्या, तिथेच आम्ही आमचा एकुलता अल्बम रेकॉर्ड केला. शेवटच्या दिवशी मामी फरशी धूत होती. नंतर राहायला येणाऱ्या बाईने नावं ठेवू नयेत म्हणून. धुता धुता जात्यावरच्या चालीत ती एकेका खोलीचा निरोप घेऊ लागली. स्वयंपाकघरापाशी तिचा आवाज फाटला. आमचा माइक चालू होता, तिचा आवाज शेवटच्या गाण्यात आला. तिला ऐकवलं, काढू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. घर तर गेलं, हे तरी राहीन."

परवा एका वेबसाइटने देशातल्या पर्यायी संगीताच्या उत्तम अल्बमांची यादी टाकली. आम्ही एकोणिसावे. खाली शेरा होता की शेवटच्या गाण्यातला बाईचा बेसूर आवाज वगळला असता, तर हा अल्बम पहिल्या पाचात आला असता.

पहिल्या नंबरच्या अल्बममध्ये जुन्या रेडिओची खरखर मुद्दाम घातली आहे. त्याला यांनी धाडस म्हटलं. उभा संसार केला ते घर सोडताना एका बाईचा आवाज फाटला, ती मात्र चूक. रुळलेल्या वाटेने जात नाही म्हणून ज्या संगीताला पर्यायी म्हणायचं, त्यालाही हे सुराच्या शाळेत बसवून मार्क देतात. ती यादी मला मान्य नाही. खालपासून वरपर्यंत नाही.

त्यातच आमच्या ड्रमवाल्याचा फोन आला. "भाई, नवीन व्हर्जन टाकू. मामीचं काढून टाक. उनको कौन सा पता चलेगा?"

"कळणार नाही म्हणून काढायचं?"

"अरे, टॉप फाइव्ह म्हणतात ते."

"तिच्या हातच्या जेवणाला कधी नंबर दिला होतास?"

"इमोशनल मत हो यार."

मी फोन ठेवला. अल्बम नेटवर माझ्या खात्यावरून चढवलेला आहे, पण पासवर्ड तिघांनाही माहीत होता. आधी तो बदलला, मग मामीला पत्र लिहिलं.

मामी, जय भीम.
आपला अल्बम एका यादीत एकोणिसावा आला. तुझं गाणं काढलं तर वर जाईन म्हणतात. मी काढून नाही राहिलो. कोणी काढतो म्हटलं तरी काढू देणार नाही. गावात नेट चालत नाही म्हणून पेनड्राइव्ह पाठवतो. मामाले लावाले सांग, अन् आवाज मोठा ठेव. शेजारचे आले तर सांगजो, अभ्यास चालू आहे.