हुकूमशहा पडण्याआधी

ह्यांना हुकूमशहांचे सिनेमे आवडायचे. कुठल्यातरी लांबच्या देशातला, छातीभर पदकं लावलेला एक जनरल, त्याच्या तुरुंगात अडकलेली माणसं आणि त्यांना सोडवायला हेलिकॉप्टरमधून उतरणारा एकटा शूर गडी. हिंदीत डब केलेले हे सिनेमे दुपारी कुठल्या ना कुठल्या चॅनलवर लागलेलेच असत. निवृत्तीनंतर कारखान्याचं बरखेड्यातलं क्वार्टर सोडून आम्ही नेहरू नगरात राहायला आलो, तेव्हापासून जेवण झालं की हे टीव्हीसमोर आणि मी आतल्या खोलीत, दार लोटून. गोळीबारात झोप लागायची मला सवयच झाली होती.

एक गोष्ट मात्र बरेच दिवस माझ्या लक्षात आली नव्हती. हे सिनेमा शेवटपर्यंत बघत नसत. राजवाड्याला वेढा पडला, जनरल जिन्यावरून पळू लागला, की टीव्ही बंद. मग उठून भर उन्हात बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. शेवट बघायचाच नसेल तर दोन तास माझं डोकं कशाला उठवता, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा नुसते हसले. खरं उत्तर मिळालं ते दोनेक वर्षांनी, त्यांच्या आजारपणात.

आमची मुलगी चार वर्षांची असताना कारखान्याने ह्यांना दीड वर्ष परदेशी पाठवलं होतं. तिकडे एक वीजकेंद्र उभं राहत होतं आणि यंत्रं इथून गेली होती. त्या देशात एका लष्करी माणसाची सत्ता होती. पत्रं उघडून वाचतात, म्हणून हे पत्रात फक्त हवापाण्याचं लिहायचे. परत आल्यावरही थंडी किती होती आणि पाव कसा कडक असायचा, यापलीकडे काही बोलले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही. माणूस सुखरूप घरी आला, मला तेवढं पुरे होतं.

आजारपणातल्या त्या दुपारी त्यांनी नेहमीसारखा टीव्ही बंद केला. कुंड्यांपर्यंत जाण्याची ताकद आता राहिली नव्हती. मी औषध द्यायला गेले, तर म्हणाले, बस जरा.

साइटवर इंग्रजीचा एक दुभाषा होता, त्यांनी सांगितलं. तिशीचा, बारीक अंगाचा. आपल्याकडच्या सिनेमांतली गाणी त्याला पाठ होती, अर्थ कळत नसताना. दोघं एकत्र जेवायचे. एके सकाळी त्याच्या टेबलावर दुसराच माणूस बसलेला दिसला. नवा दुभाषा, म्हणून साहेबांनी ओळख करून दिली आणि काम सुरू झालं. साहेबापासून मजुरापर्यंत कोणीच काही विचारलं नाही.

"मीही विचारलं नाही," हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बायको गेस्टहाऊसवर आली. कडेवर मूल होतं. तिला ह्यांची भाषा येत नव्हती. दारावर थाप मारायची आणि आळीपाळीने दोन नावं घ्यायची, एक नवऱ्याचं, एक ह्यांचं. हे दाराच्या आतल्या बाजूला उभे होते. गेस्टहाऊसचा रखवालदार सगळ्या खबरा वर पोचवतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दार उघडलं नाही.

"किती वेळ होती ती?" मी विचारलं.

"माहीत नाही. मी रेडिओ मोठा केला."

मी म्हटलं, परका मुलूख, इथे आम्ही दोघी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या, तुम्ही तरी काय करणार होतात. ते हो म्हणाले. मग म्हणाले, की सिनेमात शेवटी तुरुंगाचं फाटक उघडतं, बायका आपापली माणसं शोधायला धावतात, ते बघवत नाही. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले.

टीव्ही मी कित्येक महिने लावला नाही. शेजारच्या भाभी सुरुवातीला यायच्या, मग त्यांनाही घरची कामं. दिवसभरात दूधवाल्याशी दोन शब्द झाले तर झाले. एकदा पेपरात तसल्याच एका सिनेमाची जाहिरात दिसली. वर पदकंवाला, खाली बंदूकवाला. मंगळवारी मी रिक्षा करून एम. पी. नगरच्या थिएटरला गेले. तिकीट खिडकीवरच्या मुलीने मला दोनदा विचारलं, "आंटी, मारधाड वाली है, चलेगी ना?" चलेगी, म्हटलं. दुपारच्या खेळाला आख्ख्या थिएटरात मी एकटी होते. माझ्या एकटीसाठी ते सिनेमा लावतील की नाही, अशी शंका आली होती, पण लावला.

शूर माणसाकडे माझं लक्षच नव्हतं. मी मागची माणसं बघत होते. फायली नेणारा कारकून, गाडीचं दार उघडणारा ड्रायव्हर, कचेरीत मान खाली घालून बसलेले लोक. कॅमेरा त्यांच्यावर थांबतच नाही. शेवटी जनरल पडला, फाटक उघडलं, बायका धावल्या. गर्दीत एकीच्या कडेवर मूल होतं. तिला तिचा माणूस सापडला की नाही हे दिसण्याआधीच गाणं सुरू झालं. पडद्यावरची नावं संपेपर्यंत मी बसून राहिले. झाडूवाला दाराशी माझ्या उठण्याची वाट बघत होता.

घरी आल्यावर राहवेना, म्हणून बेंगळुरूला मुलीला फोन लावला. आमचा वार खरं तर रविवार. ती हसायलाच लागली. "आई, तू आणि मारधाड? पागल झालीस का?" मग म्हणाली, बाबांना या फिल्म्स आवडणारच, ते स्वतःच तसे होते. लहानपणी झोपताना तिने बाबांकडून कितीतरी वेळा तीच गोष्ट ऐकली होती म्हणे. दुभाष्याची बायको बर्फात दारात उभी होती, बाबांनी तिला आत घेतलं, बाळाला दूध दिलं आणि रखवालदाराला सुनावलं.

"दार उघडलं ना त्यांनी, इतकी रिस्क असताना. तुला सांगितलंच असेल."

"हो," मी म्हटलं.

"मग पुढे काय झालं गं तिचं?"

"तेवढं काही बोलले नाहीत."

तिला मीटिंग होती, तिने फोन ठेवला. मला ह्यांचा राग आला. असते तर विचारलं असतं, की खरं सांगायला मीच का सापडले. मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती दिवाळीला येऊन गेली, चार दिवस राहिली, तेव्हाही नाही.