पहिल्या वाक्याचे मगदूम सर

कोल्हापुरातल्या सगळ्या कार्यक्रमांच्या सुरुवाती ऐकायची शिक्षा कुणाला झाली असेल, तर ती मला. माझा धंदाच साउंड सिस्टीमचा. पुढारी उशिरा येवो, समई वाऱ्यानं विझो, मला मिक्सरपाशी बसून राहावंच लागतं. 'व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष, सन्माननीय अमुक, सन्माननीय तमुक' ही आगगाडी सुटली की माणसं मोबाइल काढतात, बायका एकमेकींच्या साड्या बघतात आणि मी चहावाल्याला खूण करतो. पण एखाद्याचं नाव राहिलं तर तो फुगून जेवायलाही थांबत नाही. म्हणून ती आगगाडी अडवायची कुणाची छाती होत नाही.

ती छाती मी एकाच माणसाकडं पाहिली. शांतिनाथ मगदूम सर. हायस्कुलात मराठी शिकवायचे, निवृत्त झाल्यावर निवेदनात पडले. उंची बेताची, आवाज मात्र माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, त्यामुळं सुरुवातीला मला त्यांचा जरा रागच यायचा. सर माइक घेत, कुणाचं नावगाव न घेता एकच वाक्य टाकत आणि गप्प उभे राहत. एका लग्नात म्हणाले, "ह्या मांडवात एक माणूस खोटं हसतोय." सगळा मांडव माना वळवून शोधायला लागला. मग सर हळूच म्हणाले, "मुलीचा बाप." बाप तिथंच रडायला लागला, त्याचं बघून बायका रडायला लागल्या. नावं त्यानंतर आली, आणि तीही लोकांनी नीट ऐकली.

"विजयसिंह, पहिल्या वाक्याला माणूस मान वर करतो," सर मला सांगायचे. "तेवढ्यात धरला तर धरला. न्हाईतर गेला."

त्यांच्याकडं शिकायलाही माणसं यायची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा राजवर्धन नावाचा इंजिनिअर एकदा लॅपटॉप घेऊन आला. परगावच्या गिऱ्हाइकांपुढं प्रेझेंटेशन होतं आणि पहिल्याच स्लाइडवर कंपनी कधी निघाली, मालकांचे वडील कोण, सगळं लिहिलेलं. सर म्हणाले, "त्यांना काय करायचंय ते? त्यांनी परत पाठवलेला तडकलेला पार्ट टेबलावर ठेव आणि गप्प बस. ते विचारतील, मग तोंड उघड." पोरगं पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आलं.

एवढा हुशार माणूस, पण त्यांची एक खोड होती. कुणीही काहीही सांगायला लागलं की सर त्यात सुरुवात शोधायचे. रंकाळ्यावर फिरताना एक जुना दोस्त म्हणाला, "माझ्या बापानं मला जन्मात एकदाच जवळ घेतलं." सर थांबले आणि म्हणाले, "वा!" तो बिचारा पुढं सांगतच होता, पण सरांचे डोळे चमकले होते आणि मन कुठल्या तरी स्टेजवर जाऊन उभं राहिलं होतं. मला त्याची तेव्हा गंमत वाटायची, आता आठवलं की वाईट वाटतं.

त्यांची बायको त्रिशलावैनी मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत अंगणवाडी सेविका होत्या. जन्म पोरांना खिचडी घालण्यात आणि त्यांची वजनं करण्यात गेला. सरांच्या कार्यक्रमाला यायच्या, शेवटच्या रांगेत बसायच्या, सरांना मिळालेली शाल घडी करून पिशवीत ठेवायच्या. माइक कधी हातात धरला नाही. दोन वर्षांमागं त्या निवृत्त व्हायच्या होत्या आणि वस्तीतल्या बायकांनी निरोप समारंभ ठरवला. वैनी म्हणाल्या, ह्या वेळी मी बोलणार.

मी त्यांच्या घरी हॉलचं विचारायला गेलो होतो. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची त्यांच्या घरची रीत, त्यामुळं ताटं नुकतीच उचलली होती. वैनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सरांसमोर शाळेतल्या पोरीसारख्या उभ्या राहिल्या.

"अवो, मी असं सुरू करू का? पयल्या दिवशी माझ्या अंगणवाडीत एकच पोरगी आली हुती, अन् ती मी चोरून आणली हुती. आई कांदे निवडायला गेलेली, पोरगी बाजेच्या पायाला लुगड्याच्या पट्टीनं बांधलेली. चालंल?"

सर ताडकन उठले. "चालंल? अगं एक नंबर! ह्याच्यापुढं काय बी बोल, माणसं ऐकतील."

"पुढं मी काय म्हणणार हाय, तर..."

"पुढचं सोड. सुरुवात झाली की झालं."

वैनी हसल्या आणि आत गेल्या. मीही चहा पीत तिथंच बसलो होतो. पुढचं काय, असं मलाही विचारावंसं वाटलं नाही.

निरोपाच्या दिवशी हॉल गच्च भरला. निवेदन अर्थात सरांकडं. बायकोच्या कार्यक्रमाला नवरा निवेदक, म्हणून माणसं मुद्दाम आलेली. पण संयोजकांनी एक घोळ केला. भडंगाचे पुडे शेवटी वाटायचे, ते आधीच वाटले. दोनशे माणसं एकदम कागद कुरकुरवत भडंग खाताना कसा आवाज होतो, हे एकदा ऐकायलाच हवं. त्यात पाहुणे उशिरा आले आणि पुढच्या रांगेत खुर्च्यांची ओढाओढ सुरू झाली.

सरांनी माइक घेतला. "आमच्या घरात दोन शिक्षक होते," ते म्हणाले, "पण शिक्षक म्हणून मान एकालाच मिळाला." आणि नेहमीसारखे गप्प उभे राहिले. वाक्य चांगलं होतं, पण एकानंही मान वर केली नाही. कुरकुर चालूच. मी आवाज वाढवला. सरांनी घसा खाकरला आणि परत तेच वाक्य म्हणाले. बायकोसमोर, सगळ्या वस्तीसमोर त्यांची सुरुवात पडली होती, आणि मी त्यांच्या कपाळावर घाम पाहिला. मग त्यांनी हातात होतं ते सगळ्यांत जोरकस वाक्य काढलं.

"ह्या बाईनं एक पोरगी चोरली होती!"

हॉल चिडीचूप झाला. आता सरांना थांबता येईना. "आई कुठं? कांदे निवडायला! पोरगी कुठं? बाजेच्या पायाला, वासरासारखी! आमच्या बाईसाहेबांनी दावं सोडलं आणि वासरू घेऊन पसार!" लोक खो खो हसले, टाळ्या पडल्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

हसता हसता माझी नजर दुसऱ्या रांगेकडं गेली. तिथं नवीकोरी इरकल नेसलेली एक म्हातारी खाली मान घालून बसली होती. शेजारच्या तरुण बाईनं तिचा हात धरला होता आणि तिच्याही तोंडावर हसू नव्हतं. स्टेजवर त्रिशलावैनी त्या दोघींकडंच बघत होत्या.

सत्कार झाला आणि वैनींची पाळी आली. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या रांगेकडं पाहिलं. हॉल वाट बघत होता, असा निवांत हॉल मी सरांनाही क्वचित मिळालेला पाहिलाय. "सगळ्यांचे लई उपकार," वैनी म्हणाल्या आणि खाली बसल्या. सरांनी लगेच माइक घेतला, "घरात रोज ह्यांचंच ऐकतो, आज मात्र बोलती बंद!" परत हशा झाला. म्हातारी आणि ती तरुण बाई तेवढ्यात उठून निघून गेल्या.

माणसं पांगल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. सर खुशीत होते. "कसा धरला हॉल, विजयसिंह?" मी काही म्हणायच्या आत वैनी बोलल्या.

"दुसऱ्या रांगेत बयाबाई बसली हुती. तीच ती आई. शेजारी तिची क्रांती, मी चोरून आणलेली."

सरांचा चेहरा उतरला.

"क्रांतीच्या आधी बयाबाईचा थोरला पोरगा खेळत रस्त्यावर गेला अन् ट्रकखाली सापडला. म्हणून ही दुसरीला बांधून कामाला जायची. मी पोरगी नेली म्हणून त्या दिवशी मला शिव्या देत आली. अन् दुसऱ्या दिवशी क्रांतीला तर घेऊन आलीच, गल्लीतली समदी पोरं गोळा करून आणली. अंगणवाडी तिनं सुरू केली, मी न्हवं. एवढंच सांगायचं हुतं मला. तिला वर बोलवून ही शाल तिच्या अंगावर घालायची हुती."

"मग बोलायचं की नंतर!" सर म्हणाले. आवाज चढला होता, पण तो रागाचा नव्हता, भ्यायलेल्या माणसाचा होता.

"कसं बोलू? तुमी हसवून ठेवलासा सगळ्यांना. आता ती आई हीच बघा, म्हणून बोट दाखवू तिच्याकडं?" वैनींनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. "पुढचं तुमी इचारलंसाच न्हाय."

त्यानंतर सरांनी आलेले कार्यक्रम परत पाठवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसेल. थोड्या दिवसांनी ते माझ्या टेम्पोत येऊन बसले आणि म्हणाले, बयाबाईकडं ने. वैनी आधीच एकदा जाऊन आल्या होत्या. बयाबाईनं त्यांना चहा पाजला होता आणि त्या दिवसाचा विषयच काढू दिला नव्हता.

बयाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. "या सर, बसा की," म्हणाली. सर बसले नाहीत. तोंड उघडायचे आणि मिटायचे. मला त्यांची कीव आली आणि चीडही आली. शेवटी म्हणाले, "बयाबाई, चुकलं माझं."

"तुमी खोटं काय बोललासा? बांधली हुतीच की मी." ती लसूण सोलतच राहिली. "बाईंनी मला आधी इचारलंतं, सांगू का म्हणून. मी म्हनलं, पुढचंबी सांगणार असशीला तर सांगा. म्हणून तर आलते. क्रांतीच्या सासरच्या माणसांस्नीबी बोलावलंतं मी."

सर खाली तिच्यासमोर उकिडवे बसले. "मी परत सभा घेतो. त्याच हॉलमध्ये. माइक त्रिशलाच्या हातात देतो, ती पहिल्यापासून सगळं सांगंल. मी एक शब्द बोलणार न्हाय."

बयाबाईनं सरांकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

"आता कुणाला सांगशीला सर?" ती म्हणाली. "माणसं ऐकून घरला गेली की."