नामदेवरावांच्या हातचा रस्सा

शाळेत वीस वर्षं काढली की आपण काय शिकवलं ते आठवत नाही, किस्से मात्र पोत्यानं साठतात. आमच्या पोत्यातले निम्मे रस्स्याचे! नालवाडीच्या पुढे ठाकरे सरांचं वावर आहे. महिन्यातून एका रविवारी सगळा स्टाफ तिथे जमतो आणि आमचे शिपाई नामदेवराव चुलीवर मटणाचा रस्सा करतात.

पद्धत ठरलेली. आधी हाडं तेलात लालसर परतायची, मग गरम पाणी घालून तीन तास मंद आचेवर ठेवायची. त्या गाळलेल्या पाण्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण पडलं की असा गडद तपकिरी रस्सा होतो, की बघूनच भूक दुप्पट!

*

ठाकरे सर गणिताचे. एकदा वही घेऊनच बसले.

"पाणी किती?"

"हाडं बुडतीन इतकं."

"वेळ?"

"निम्मं होईस्तोवर."

"म्हणजे मिनिटं किती?"

नामदेवरावांनी वही मागून घेतली, तिच्यानंच चुलीला वारा घातला आणि परत दिली. "घ्या सर. आता कामी आली!"

*

क्लार्क राऊतबाबू तेव्हा नवीन होते. नामदेवराव म्हणाले, "बाबू, हाडं गाळून घ्या." बाबूंनी इमानदारीनं गाळली. हाडं पातेल्यात, तीन तासांचं पाणी धुऱ्यावर, बांधाच्या मातीत!

बाबू रडायला आले. नामदेवरावांनी क्षणभर धुऱ्याकडे पाहिलं. "काऊन रडून राह्यले? आपला रस्सा धुऱ्यानं पेला. या, आपण हाडं चोखू." आणि सगळ्यात मोठी नळी बाबूंना दिली.

*

हेडसर पक्के शाकाहारी. त्यांची वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर. पण रस्सा उकळायला लागला की खुर्ची उचलून बरोबर धुराच्या बाजूला!

"सर, डोळ्यात धूर जाते."

"जाऊ द्या ना. हवा चांगली हाये इकडली."

*

दोन वर्षांपूर्वी नामदेवरावांना मोठा ताप आला आणि जिभेची चव गेली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्याच रविवारी मीठ दुप्पट पडलं. चमचाभर रस्सा तोंडात घेऊन ते म्हणाले, "बरोबर हाये!" आम्ही काय ते समजलो.

आठवडाभर 'नामदेव, चहा आण' ऐकणारा हा माणूस त्या एका दिवशी आम्हाला हुकूम सोडतो. हातातली पळी गेली तर त्याचं काय राहील? तेव्हापासून ठाकरे सर भात बिनमिठाचा लावतात, आम्ही भाकर जास्त चुरतो आणि मागून मागून खातो. कुणी 'खारट' म्हणायचं नाही, असं ठरलंय.

परवा नामदेवरावांचा रिटायरमेंटचा रविवार होता. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पहिल्यांदाच बोलावलं होतं. रस्सा वाढल्यावर माझ्या लक्षात आलं, की वहिनींना कुणी काही सांगितलेलंच नाही! त्यांनी पहिला घास घेतला. पंगतीतले सगळे हात ताटातच थांबले. नामदेवराव पळी हातात धरून बायकोच्या तोंडाकडे बघत उभे.

वहिनींनी घास गिळला. सगळ्या पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि ताट पुढे केलं. "वाढा अजून."

नामदेवराव खुशीत पातेल्याकडे वळले. वहिनी माझ्याकडे झुकल्या.

"किती दिवस झाले असं खाऊन राह्यले, भाऊ?"

"दोन वर्षं."

त्यांनी आपला तांब्या माझ्याकडे सरकवला. "घरी बी मटन तेच करतेत. घ्या, पाणी प्या."