सुलतानचा घास

शैला, आठवतंय का गं... शाळेतून घरी जाताना देवळाली कॅम्पातल्या त्या मोठ्या बंगल्याच्या फाटकाला नाक लावून आपण उभ्या राहायचो? आत सिल्व्हर ओकची रांग, दगडी पोर्च, आणि हिरवळ इतकी लांब की तिचा शेवट दिसायचाच नाही. माळी ओरडला की युनिफॉर्म सावरत धूम पळायचो.

परवा तू फोनवर विचारलंस, त्या फाटकाच्या आत मी कधी गेले होते का. गेले होते... एका हिवाळ्यात तर रोज सकाळी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी मुलं तेव्हा शाळेत जायला लागली होती.

बंगल्यात तेव्हा पेरिनबाई नावाच्या पारशी बाई एकट्याच राहायच्या. आमची ओळख बेकरीच्या रांगेतली. गुडघे धरल्यामुळे सकाळच्या फेरीला त्यांना कुणाचा तरी हात हवा होता, आणि मला तो बंगला आतून बघायचा होता... जमून गेलं.

फेरी खरं तर सुलतानची. सुलतान म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा. नाव भारदस्त, तब्येत बेताची. आवाराच्या भिंतीकडेने, कोरड्या कारंज्यावरून, जुन्या तबेल्यामागून आम्ही तिघं सावकाश एक चक्कर मारायचो.

जानेवारीत कळलं की बंगला विकला गेलाय. पेरिनबाई मुंबईला पुतण्याच्या फ्लॅटवर जाणार होत्या, आणि त्या सोसायटीत कुत्रा चालत नव्हता. म्हातारं कुत्रं कुणी घेईना. पुतण्या म्हणाला होता, डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन देऊ, त्याला कळणारही नाही.

त्यांनी मला विचारलं. मी घरी विचारलं. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, एका वाक्यात विषय संपवला... ज्या घरात देव आहेत त्या घरात कुत्रं फिरणार नाही. त्यांचं सोवळं कडक होतं आणि घर त्यांचं होतं. मी पुन्हा बोलले नाही.

संक्रांत झाल्यावर आई आपणहून म्हणाल्या, ती बाई गाव सोडून चाललीय, तिला तिळगूळ देऊन येऊ. मला आश्चर्य वाटलं, पण आशा वगैरे नव्हती. कुत्र्याचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी मला घरातून निघतानाच बजावलं होतं.

त्या दिवशी थंडी विलक्षण होती. निफाडकडे द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवून बसले होते. बंगल्याच्या हिरवळीवर दव चक्क गोठलं होतं... सगळीकडे पांढरं. पायाखाली गवत करकरत होतं.

आई नऊवारीत, कानाला मफलर, पायात मोजे आणि त्यावर चप्पल. वाकून त्यांनी गवताला बोट लावलं, मीठ सांडल्यासारखं दिसतंय म्हणाल्या. सुलतान एकेक पंजा झटकत पुढे जायचा आणि वळून थांबायचा. आधी पेरिनबाईंसाठी थांबायचा. मग त्याच्या लक्षात आलं की आई आणखी मागे आहेत, तेव्हा त्यांच्यासाठीही थांबायला लागला.

आईंनी विचारलं, एवढ्या जागेची झाडलोट कोण करतं?

"कोणी नाय. म्हणून तर विकला," पेरिनबाई म्हणाल्या. आई हसल्या. मला जरा बरं वाटलं.

फेरी संपवून आम्ही व्हरांड्यात टेकलो. आईंनी डबी उघडून एक लाडू पेरिनबाईंच्या हातावर ठेवला. पेरिनबाईंनी तो मोडला, आणि पहिला तुकडा खाली वाकून सुलतानच्या तोंडात दिला.

आईंनी पहाटे आंघोळ करून, सोवळ्यात वळलेले लाडू... देवापुढे ठेवून आणलेले. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मान खाली घातली. आता तिळगूळ राहिला बाजूला, ओळखही संपली म्हणायची.

पेरिनबाईंच्याही ते लक्षात आलं. म्हणाल्या, "रागवू नको बाई. आमचा घरात पहिला घास कुत्र्याचा, मग आपला. माझी मम्मा पण असंच करायची."

तुला माहीत आहे, आमच्याकडे आईंनी पानातला पहिला घास गाईसाठी काढून ठेवल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नसे. पोरं भुकेने कळवळली तरी नाही.

"रोज?" आईंनी विचारलं.

"रोज. ताप असला तरी."

"आणि मुंबईला कुणाला देणार?"

पेरिनबाईंनी उरलेला लाडू तोंडात टाकला. "कबुतर आहेत ना तिथे. खूप आहेत," एवढंच म्हणाल्या, आणि सुलतानच्या कानामागे खाजवत बसल्या.

आम्ही उठलो. पोर्चच्या पायऱ्या उतरून आई थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही. एवढं त्याला सांगून ठेव."

मी पट्टा आणायला परत आत पळाले...

सुलतान आमच्याकडे पुढचे काही हिवाळे राहिला. देवघराचा उंबरा त्याने एकदाही ओलांडला नाही. त्याच्या शेवटच्या वर्षी आई नणंदेकडे पुण्याला निघाल्या होत्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगितलं...

"गाईचा घास कठड्यावर ठेव. कावळ्याचा गच्चीत. सुलतानला पोळी कोमट दुधात कुस्करून दे, दात राहिले नाहीत त्याचे. त्याचं झाल्यावर मग तुम्ही बसा. आणि पेरिनबाईंना मुंबईला फोन लाव... घास चुकलेला नाही म्हणावं."