मले गुंगी नको

नाकात मांस वाढून वास गेला, तेव्हा माझी पस्तिशीही उलटली नव्हती. सेलूच्या शाळेत मी मास्तर होतो. डब्यातली भाजी आंबली तरी मी खुशाल खायचो. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं ऑपरेशन सुचवलं. लवकर केलं तर वास परत येईल, असं ते म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

त्यांनी नीट समजावलं. नाक बधिर करायचं आणि शिरेतून गुंगीचं इंजेक्शन द्यायचं. माणूस घाबरला की रक्तदाब चढतो, रक्त येत राहतं आणि दुर्बिणीतून काही दिसत नाही. गुंगीत दाब खाली राहतो. शेजारीच डोळा, त्यामुळे अंदाजानं हात चालवता येत नाही.

पटलं सगळं. पण माझा बाप दारूत गेला होता. जिल्ह्यात दारूबंदी असून गेला, आमच्याकडे त्याचं कोणाला नवल नाही. शेवटी त्याला पोटचं पोर ओळखू येईना. नशा आणणारं काही अंगात जाऊ द्यायचं नाही, ही शपथ मी तेव्हाच घेतली होती.

"मले गुंगी नको," मी म्हणालो. "मी हलणार नाई."

हे औषध आहे, दारू नव्हे, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. बायको रडली. मी हेका सोडला नाही.

टेबलावर खरंच हललो नाही. पण छाती कोणाचं ऐकते? आत हत्यार शिरलं तशी ती धडधडायला लागली, रक्त घशात उतरू लागलं. डॉक्टर पुसायचे, बघायचे, पुन्हा पुसायचे. शेवटी काम अर्धवट टाकून त्यांनी नाकात पट्ट्या भरल्या. पुढच्या वेळी गुंगी घेऊन या, म्हणाले. मी दहा वर्षं फिरकलो नाही. तत्त्व म्हणून मिरवत होतो, होती नुसती भीती.

दोन हजार सालानंतर श्वासच अडायला लागला, तेव्हा मुकाट गेलो. गुंगीत सगळ्यांचे आवाज ऐकू येत होते, फक्त भीती वाटत नव्हती. रक्त जेमतेम आलं. दोन्ही बाजू साफ झाल्या, श्वास मोकळा झाला. वास आला नाही. उशीर केला मास्तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्याच वर्षी एका दुपारी बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"पोरगा पिऊन राह्यला," ती म्हणाली. "महिना झाला. तुमच्या बाजूलेच बसून जेवते रोज."

मी त्याला समोर उभं केलं, तोंड उघडायला लावलं. त्यानं माझ्या चेहऱ्यावर श्वास सोडला. नुसती गरम हवा लागली. मी पुन्हा सोडायला सांगितला. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतला माझा धाक माझ्यादेखत गेला.