वरची वायर

मलकापूर स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवर आम्ही सात जण होतो आणि सातही जण एकमेकांच्या गाड्यांना खटारा म्हणायचो. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझी गाडी जुनी विलायती, मी तिचा तिसरा मालक. जळगाव जामोदच्या रस्त्यावर ती नऊ-नऊ माणसं वाहायची आणि कुरकुरायची नाही. आता माझी सत्तरी उलटली, पण ते दिवस आठवले की गाडीच्या आधी निजाम मिस्त्री डोळ्यांपुढे येतो. तसा माणूस पुन्हा भेटला नाही.

निजाम गाड्यांचं विजेचं काम करायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बारीक चणीचा, कामाच्या वेळी तोंडातून शब्द काढायचा नाही. गाडीची मूळ वायर कापायची नाही, ही त्याची टेक. "कापाले काय लागते? कोणीबी कापते," म्हणायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो, आणि गाडी बंद पडली की त्याच्याच दारात ढकलत न्यायचो.

एका बाजाराच्या दिवशी बैलगाडीचं जू माझ्या गाडीच्या दिव्यात घुसलं. शनिवारी बुलढाण्याला गाडीची पासिंग होती. दिवे धड नसले तर परवाना अडकणार, आणि परवाना अडकला की घरची चूलही अडकणार. तसले जुने दिवे कुठे मिळेनात. मुंबईहून पार्सलनं आले ते नव्या तऱ्हेचे, म्हणून जोडीच बदलायची ठरली. जुन्या दिव्यात बल्ब वेगळा असायचा आणि गाडीच्या वायरी त्याच्या गोल होल्डरात संपायच्या. नव्यात काच, बल्ब सगळं एकजीव, मागे नुसत्या तीन पत्त्या. काही केल्या जुळेना.

दुसरा असता तर होल्डर छाटून मोकळा झाला असता. निजामनं जुन्या बल्बांच्या पितळी टोप्या घेतल्या, त्यांना कथलाचा डाग देऊन तीन-तीन वायरी जोडल्या. टोपी होल्डरात बसायची, वायरींची टोकं नव्या पत्त्यांवर. उजवा दिवा त्यानं बसवला तेव्हा शुक्रवारचा एक वाजत आला होता. नमाजाला निघताना म्हणाला, "डावा मी आल्यावर लावतो. तुले लयच घाई असंल तं ध्यानात ठेव, वरची वायर लाल हाय, खालची पिवळी, काळी अर्थिंगची."

वरची म्हणजे लांब पडणाऱ्या उजेडाची, खालची म्हणजे डिप्परची. स्टँडवरचं शेंबडं पोरही हे सांगेल. पण मी वाकून पाहिलं तर तीन पत्त्यांतली एक वरच्या बाजूला होती. वरची वायर वर, असं म्हणून लाल तिथेच खुपसली. आता त्या दिव्यांची गंमत अशी, की वरच्या पत्तीवर डिप्पर असतो. मला काय ठाऊक? बॅटरी चार्जिंगला गेलेली, म्हणून लावून पाहता येईना. निजाम आला तोवर मी बॅटरी आणून बसवली होती. त्यानं विचारलं, "लावून पाह्यलं काय?" मी म्हटलं, "हो, पाह्यलं. बराबर हाय." सरळ खोटं बोललो. घाई होती, आणि थोडी मिजासही होती.

दुसऱ्या दिवशी निजाम माझ्यासोबत निघाला. देऊळघाटला त्याची बहीण होती, तिला भेटायचं होतं. बुलढाण्याला पासिंगच्या साहेबांनी गाडी एका अंधाऱ्या गोदामात घालून दिवे लावायला सांगितले. मी डिप्परचं बटण पायानं दाबलं. एक दिवा खाली वळला, दुसरा वर गेला. पुन्हा दाबलं, तर उलट. बाहेरचे ड्रायव्हर पोट धरून हसायला लागले.

साहेब हसले नाहीत. "हे कोणी जोडलं? चालकानं स्वतः हात घातला असेल, तर गाडी परत न्या. पुढच्या महिन्यात बघू."

निजाम पुढे झाला. "मी जोडलं, साहेब. नजरचूक झाली." अर्ध्या तासात त्यानं वायरी बदलल्या, गाडी पास झाली. डावा दिवा उघडल्यावर त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. घाट उतरताना तो बहिणीच्या घरचंच बोलत राहिला.

बातमी आमच्या आधी मलकापुरात पोचली. निजामले आता दिसत नाही, असं स्टँडवर ठरलं. गिऱ्हाईक दुसरीकडे वळायला लागलं. मी रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज कुणीतरी प्रवासी यायचा आणि मी गाडीत बसायचो.

मग एका सोमवारी निजाम चष्मा लावून दुकानात बसलेला दिसला. काळी, जाड फ्रेम. सगळ्यांना बरं वाटलं. "आता दिसते मिस्त्रीले," म्हणत लोक परत आले. सगळ्यांत जास्त बरं मला वाटलं. हळूहळू मी स्वतःलाही पटवून दिलं, की त्याचे डोळे तसेही अधूच होते. माझ्या चुकीनं त्याचं भलंच झालं, असंसुद्धा एकदा बायकोला बोलून दाखवलं.

बावीस वर्षांनी निजाम गेला. मी घरी भेटायला गेलो. त्याच्या बायकोनं, खुर्शीदाभाभींनी, चहा दिला. कोनाड्यात तो चष्मा होता. मी सहज म्हटलं, "भाभी, हा कोणाले तरी द्या. कामी येईल."

"कोणाच्या कामी येते, भाऊ?" त्या म्हणाल्या. "नंबरच नाही त्याले. दुकानासाठी लावत होते, घरी आले का काढून ठेवत. सुईत दोरा मले तेच ओवून देत."

त्यांनी चष्मा माझ्या हातात ठेवला. मी तो डोळ्यांवर लावला. कोनाडा, चहाची बशी, भाभींचा चेहरा, सगळं जसंच्या तसं दिसत होतं.